नूडल्सची गार कोशिंबीर

एप्रिल आणि मे हे आपल्या वस्त्यांमध्ये कार्यक्रमांचे महिने. १४ एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्धपौर्णिमा, सुट्टी बघून ठरवलेले साखरपुडे आणि लग्ने, महिला मंडळाचे मेळावे. जेवण म्हटले की पुरी-भाजी, मसालेभात आणि जिलेबी. रांधणाऱ्या बाया भर उन्हात भट्टीपुढे घामाने निथळतात, आणि पंगतीला बसलेल्यांना त्या उकाड्यात गरम, तेलकट घास उतरत नाही. मुलांना विचारावे तर त्यांचे उत्तर एकच असते: चायनीज. कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळणाऱ्या लालभडक नूडल्सना पर्याय म्हणून या वेळी आम्ही नूडल्सची गार कोशिंबीर देत आहोत. काकडी, गाजर, मोडाचे मूग, शेंगदाण्याचे कूट, तीळ, लसूण, लिंबू. यातले बरेचसे घरातच सापडते. तळण नाही, आणि शेगडी फार तर तास-दीड तास लागते.

मात्र नुसती कृती छापून आम्हांला थांबता येणार नाही. गरम जेवणाला विस्तव राखतो. गार पदार्थाला राखणारे कोणी नसते. एकदा शिजून खाली उतरला की तो पुन्हा आचेवर जात नाही, म्हणून त्यानंतर त्याला जे पाणी लागेल, जो हात लागेल, तो थेट खाणाऱ्याच्या पोटात जातो. तेव्हा या कोशिंबिरीत चव सोपी आहे. काळजी घ्यायची ती नूडल्स गार कशा करायच्या याची.

गार नूडल्स हा काही आजचा शोध नाही. जपानमध्ये उन्हाळा लागला की 'हियाशी चुका' नावाचा पदार्थ दुकानांतून दिसू लागतो. गार नूडल्सवर अंड्याच्या पोळीच्या आणि काकडीच्या बारीक पट्ट्या, वर आंबटगोड सोया सॉस. सेंदाई शहरातल्या एका उपाहारगृहात १९३७ साली तो सुरू झाला, असे तिकडे सांगतात. कोरियात कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स बर्फासारख्या गार रश्श्यात खातात. गंमत अशी की हा मुळात त्यांचा हिवाळ्यातला पदार्थ, आता लोक तो उन्हाळ्यात मागतात. व्हिएतनाममध्ये तांदळाच्या मऊ शेवयांवर हिरवा पाला, दाण्याचे कूट आणि लिंबू घेतात. आपल्याकडे मालवणातले शिरवाळे याच घरातले म्हणायचे, फक्त ते नारळाच्या गोड रसात बुडवून खातात.

आम्ही निवडलेली पद्धत चीनच्या सिचुआन प्रांतातली आहे. नाव परके वाटेल, पण चायनीजच्या गाडीवर 'शेजवान' म्हणून लिहिलेले असते ते याच प्रांताचे नाव. (गाडीवरच्या त्या लाल चटणीचा सिचुआनशी संबंध नावापुरताच उरला आहे, हा भाग वेगळा.) तिथला उन्हाळा दमट आणि घामट. शेजारच्या चोंगचिंग शहरात तर पारा ४० अंशांवर जातो. तिथे रस्त्यावर 'लियांगम्येन' विकतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे: थंड नूडल्स.

आम्हांला या पद्धतीत महत्त्वाचे वाटले ते मसाल्यापेक्षा गार करण्याचे तंत्र. जपान-कोरियात नूडल्स उकडल्या की लगेच नळाखाली धरतात, हाताने चोळून धुतात आणि वर बर्फाचे पाणी ओततात. त्यांना ते परवडते, कारण तिथल्या नळाचे पाणी सरळ पिण्याचे असते. सिचुआनचा विक्रेता असे करत नाही. तो नूडल्स किंचित कच्च्या असतानाच पाण्यातून काढतो, मोठ्या पाटावर पसरतो, वर तेल सोडतो आणि पंख्याच्या वाऱ्यावर उचलून उचलून त्या मोकळ्या करतो. पाच-सात मिनिटांत नूडल्स गार होतात, तेलामुळे एकमेकींना चिकटत नाहीत, आणि शिजल्यानंतर त्यांना पाण्याचा एक थेंबही लागलेला नसतो.

हा फरक आपल्यासाठी लहान नाही. आपल्या वस्तीतला नळ चोवीस तास वाहत नाही. पाणी बंद असते त्या वेळात जलवाहिनी रिकामी होते, आणि जिथे तिला तडा गेला असेल तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ आला की ते आपल्या हंड्यात येते. मग ते पाणी पिंपात साठते, त्यात तांब्या बुडतो, तांब्याबरोबर बोटे बुडतात. गॅस्ट्रो, हगवण, कावीळ यांचा हाच रस्ता. उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्वच्छ नूडल्स अशा पाण्याने धुवायच्या म्हणजे उकळण्याचा सगळा फायदा घालवायचा. शिवाय किलोभर नूडल्स नीट धुवायला दोन-तीन कळश्या पाणी लागते, आणि मे महिन्यात दोन-तीन कळश्या म्हणजे काय हे वाचक भगिनींना आम्ही सांगायला नको.

आता दुसरा धोका. तो पाण्यातून येत नाही, वेळेतून येतो. भात, नूडल्स, बटाटा अशा पिठूळ पदार्थांत 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू. उकळण्याने तो मरत नाही. पदार्थ कोमट झाला की तो जागा होतो, वाढतो आणि त्यातला एक प्रकार असे विष तयार करतो जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणूनच 'जरा परतून घेऊ, मग काही होत नाही' हे म्हणणे खरे नाही. बोटाला जखम किंवा फोड असेल तर त्यातून जाणारा दुसरा एक जंतू असेच न जळणारे विष सोडतो. अशा हाताने गार पदार्थ कालवू नये. त्या दिवशी त्या बाईने सरबताचे बघावे.

जंतूंना आवडणारी उष्णता साधारण ५ ते ६० अंशांच्या मधली. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात घरातसुद्धा ४० अंश असतात, मुंबईत पस्तिशीच्या आत असले तरी हवा दमट. म्हणजे फ्रीजबाहेर ठेवलेला कोणताही शिजलेला पदार्थ त्या मधल्या पट्ट्यातच असतो. यासाठी जगभर सांगितला जाणारा हिशेब असा: शिजलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. घड्याळ नूडल्स पाण्यातून काढल्या त्या क्षणापासून लावायचे, वाढायला घेतल्यापासून नव्हे.

पुढे दिलेले प्रमाण इतर जेवणाबरोबर वाढायचे असेल तर २० माणसांना पुरते.

साध्या वाळवलेल्या हक्का नूडल्स १ किलो घ्याव्यात. मसाल्याची पुडी येते त्या झटपट नूडल्स घेऊ नयेत. त्या बहुधा आधीच तेलात तळलेल्या असतात आणि पुडीत मीठ भरपूर असते. गव्हाच्या कणकेच्या किंवा नाचणीच्या जाड शेवया मिळाल्या तर अधिक चांगले, पण त्या लवकर मोडतात म्हणून आधी मूठभर करून बघाव्यात. भाज्यांत काकडी १ किलो, गाजर अर्धा किलो, कोबी अर्धा किलो. मूग पाव किलो, आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेले. शेंगदाणे ४०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, लसणाच्या दोन गड्ड्या, १० लिंबे, गूळ १०० ग्रॅम, सोया सॉस १० मोठे चमचे, मीठ दोन लहान चमचे, तेल वाटीभर, लाल तिखट चार चमचे. अंडी खाणाऱ्यांसाठी २० अंडी, पिवळा बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत म्हणजे १० ते १२ मिनिटे उकडलेली.

सकाळच्या गारव्यात कोरडी कामे उरकून घ्यावीत. शेंगदाणे भाजून, सोलून, कूट करावे. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशी धरलेले दाणे बाजूला काढून फेकून द्यावेत. एक खवट दाणा सगळ्या कुटाची चव बिघडवतो हे आपल्याला माहीत असते. पण बुरशीच्या दाण्यातले विष यकृताला मारक असते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही, हे कमी लोकांना माहीत असते. तीळ तडतडेपर्यंत भाजून त्यातले थोडे वेगळे ठेवून बाकीचे बारीक करावेत. सिचुआनमध्ये तिळाची गुळगुळीत पेस्ट वापरतात. आपल्याकडे तीळ महाग आणि दाणे स्वस्त, म्हणून आम्ही दाण्यांचे प्रमाण वाढवले आहे. चवीला ते कुठे कमी पडत नाही, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात.

तिखट तेल हा या कोशिंबिरीचा जीव. तेल चांगले तापवावे, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि तिखट व वेगळे ठेवलेले तीळ यांवर ओतावे. धूर निघत असताना ओतले तर तिखट जळून कडू होते. ठेचलेला लसूण याच तेलात आधी परतून घ्यावा. सिचुआनमध्ये यात 'हुआजियाओ' घालतात, जिभेला मुंग्या आणणारा दाणा. तो आपल्याला कुठे मिळणार, असे वाटेल. पण कोकणातले तिरफळ त्याचेच जवळचे नातलग आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडून आलेल्या शेजारणीकडे मिळेल. आतले काळे बी टाकून फक्त टरफल भाजून कुटावे आणि २० माणसांत अर्धा लहान चमचा पुरे. नसेल तर नाही.

चटणीसाठी दाण्याचे आणि तिळाचे कूट, गूळ, सोया सॉस, लिंबाचा रस, मीठ आणि उकळून गार केलेले दोन वाट्या पाणी एकत्र घोटावे. ताकासारखे नको, पळीवाढे हवे. पाणी उकळायचे म्हणजे तळापासून बुडबुडे येऊन खळखळल्यावर आणखी एक मिनिट तरी. नुसते चटका बसेल इतके गरम झालेले पाणी उकळलेले नसते.

आता नूडल्स. मोठ्या पातेल्यात सहा-सात लिटर पाणी खळखळवावे आणि त्यात नूडल्स पाव-पाव किलोने चार वेळा शिजवाव्यात. पाणी तेच वापरायचे, लागेल तशी भर घालायची, मात्र भर घातल्यावर पुन्हा खळखळू द्यायचे. सगळा किलो एकदम टाकला तर पाणी थंडावते आणि गोळा होतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी काढावे. नळाखाली न धरल्यामुळे नूडल्स आतल्या उष्णतेवर शिजतच राहतात, म्हणून हा एक मिनिट महत्त्वाचा. चाळणीत निथळून गरम पाण्याने विसळलेल्या स्टीलच्या परातीत पसरावे. वर्तमानपत्रावर किंवा साडीच्या कपड्यावर मुळीच नाही. छपाईची शाई अन्नात उतरते. पाव किलोला एक मोठा चमचा तेल सोडून टेबलफॅनपुढे दोन चिमट्यांनी किंवा दोन काट्यांनी उचलत राहावे. पंख्याची पाती आणि जाळी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलेली हवी, नाहीतर वस्तीची सगळी धूळ नूडल्समध्ये. वीज गेली तर पुठ्ठ्याने वारा घालावा. वेळ थोडा जास्त लागेल इतकेच.

नूडल्स झाल्यावर त्याच उकळत्या पाण्यात मूग दोन-तीन मिनिटे आणि चिरलेला कोबी एक मिनिट घालून काढावा. कच्चे मोड आरोग्याला चांगले म्हणून आपण हौसेने खातो, पण मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. सिचुआनमध्येही मुगाचे मोड उकळत्या पाण्यातून काढूनच घालतात. कोबीच्या पानांच्या घड्यांत मातीचे पाणी अडकलेले असते, त्यालाही हाच उपाय. काकडी आणि गाजर स्वच्छ पाण्याने धुऊन सोलावीत आणि मगच लांब, बारीक चिरावीत. न धुता सोलले तर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. मांस-मासळीची सुरी आणि विळी इथे नको.

बर्फाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कार्यक्रमासाठी गोणपाटात गुंडाळून, हातगाडीवरून येतो तो लादीचा बर्फ पुष्कळदा मासळी आणि माल गार ठेवण्यासाठी केलेला असतो. २०१८ साली महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम केला तो यासाठीच. बर्फ पांढरा दिसतो म्हणून तो खाण्याचा, असे मात्र धरून चालू नये. या कोशिंबिरीत बर्फ घालायचा नाही. चटणीचे झाकलेले पातेले पाण्याच्या परातीत ठेवून त्याला ओले फडके गुंडाळावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत त्याने ती छान गार होते, मुंबई-कोकणात तितकी होत नाही. याने जिभेला बरे वाटते. जंतू थांबण्याइतकी थंडी त्यात नसते. घड्याळ चालूच समजावे. आणि सिचुआनमध्येही लियांगम्येन बर्फासारख्या गार नसतातच, हवेइतक्याच असतात.

खरी अडचण वेळेची. पत्रिकेवर कार्यक्रम सायंकाळी सातला असतो, सुरू आठला होतो, आणि शेवटचे वक्ते 'दोनच मिनिटे घेतो' म्हणून उभे राहिले की अर्धा तास कुठे गेला नाही. चार वाजता कालवलेली कोशिंबीर दहाला ताटात पडली तर ती कितीही स्वच्छ हाताने केलेली असो, आम्ही ती खाण्याचा सल्ला देणार नाही. म्हणून कूट, तिखट तेल आणि चिरायच्या भाज्यांची धुणी-पुसणी आधी करावी, आणि नूडल्सचे पाणी प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले की शेगडीवर चढवावे. नूडल्स, भाज्या आणि चटणी तीन वेगळ्या झाकलेल्या भांड्यांत ठेवून पाच-पाच माणसांचे एकदम कालवावे. याने आणखी एक फायदा होतो: मीठ लागले की काकडी पाणी सोडते, आणि आधी कालवलेल्या कोशिंबिरीचा शेवटी लगदा होतो. कालवायला डाव वापरावा, हात नको.

ताटात किती घ्यावे, हे माणसागणिक वेगळे. हक्का नूडल्स शेवटी मैद्याच्याच. मधुमेह असलेल्यांनी नूडल्स मूठभर आणि काकडी, मूग, अंडे भरपूर असे उलटे ताट घ्यावे, आणि त्यांच्यासाठी थोडी चटणी गुळाशिवाय बाजूला काढावी. पिठूळ पदार्थ गार केले की त्यातली साखर हळू चढते असे हल्ली सांगतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण फरक लहान आहे. त्या भरवशावर दुसरी वाटी घेऊ नये. रक्तदाब असलेल्यांनी सोया सॉस जपून घ्यावा. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. वरच्या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला दीड-पावणेदोन ग्रॅम येते, म्हणून ताटावर वरून आणखी सॉस ओतू नये आणि शेजारी लोणचे-पापड ठेवू नये. अजिनोमोटोची गरज नाही. दाणे, तीळ आणि सोया सॉस यांनी तीच गोडसर चव येते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे घशात अडकण्याची भीती असते, म्हणून कूट बारीकच असावे. दाणे किंवा तीळ कोणाला सोसत नाहीत का, हे वाढण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि मुगातले, तिळातले लोह अंगी लागायला लिंबू मदत करते. जेवणावर लगेच चहा घेतला की ती मदत वाया जाते. आपल्या बायका-मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता चहा तासभर उशिरा झाला तर बिघडत नाही.

जेवणानंतर कोणाला उलट्या-जुलाब सुरू झालेच तर लगेच जीवनजल द्यावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट. लघवी होईनाशी झाली, डोळे खोल गेले, जुलाबातून रक्त आले, ताप चढला, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर बाई वा म्हातारे माणूस असेल तर घरी थांबू नये, सरकारी दवाखाना गाठावा. एकाच वेळी अनेकांना त्रास झाला तर उरलेल्या अन्नाचा नमुना झाकून ठेवावा आणि आशाताईंना कळवावे. लाज वाटून लपवू नये.

उरलेल्या नूडल्स घरोघर डब्यात वाटून देण्याची आपली पद्धत या पदार्थाला लावू नये. पाव-पाव किलोने शिजवण्याचा तोही एक उपयोग आहे: माणसे कमी आली तर चौथा पाव किलो पाकिटातच राहतो. कोरडे कूट मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर छान टिकते. त्यात मीठ, तिखट आणि लिंबू घालून ते गरम शेवयांवर, उकडलेल्या बटाट्यावर किंवा नुसत्या भाकरीवर घ्यावे.